माणिकचं माप

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा हा विषय सोडून बाकीचंच बोललो — जणू देवाला तेवढंच कळणार होतं जेवढं मी बोलेन. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माणिकलाही ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती माझ्यात नाही. ती कधी येईल असंही वाटत नाही.

मानवतमध्ये माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, आधारवरच्या नावाची दुरुस्ती — सकाळी शटर वर केलं की बाकड्यावर माणसं बसलेलीच असतात. ‘सुधाकरनं भरला म्हंजे चूक निघायची न्हाई,’ असं लोक एकमेकांना सांगतात. मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं सांगतात. आणि मी ऐकू न आल्यासारखं करून टाइप करत राहतो. मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू?

माणिक माझा शाळेपासूनचा दोस्त. सहा फुटांहून उंच, हात गुडघ्यापर्यंत येतील एवढे लांब. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता. गाडी आली की मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचा, जोडायचा, पुन्हा ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगून मोकळा व्हायचा. नंतर मशीन लावली तर मशीनही तेच सांगायची. मालक म्हणायचे, मशीनला वीज लागते, माणिकला चहा लागतो, तेवढाच फरक.

मी ‘होता’ म्हणालो, हे लक्षात आलं का तुमच्या? ते ‘होता’ माझ्यामुळं आहे. पण थांबा. पहिल्यापासून सांगतो.

बाबूभाईनं अडत दुकानांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पूलची, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाची, दोन टेबलं टाकली तेव्हा आम्ही दोघं एकाच दिवशी खेळायला लागलो. मी अभ्यासू माणूस. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, कोन शिकलो, बॉलला कुठं मारला की तो कुठं जाऊन थांबतो याच्या वहीत आकृत्या काढल्या. माणिकनं काहीच केलं नाही. तो वाकायचा, एक डोळा बारीक करायचा आणि बॉल टेबलाच्या खिशात. कसं मारलं रे, असं विचारलं तर म्हणायचा, हातालाच कळतं. सात वर्षांत मी त्याला किती वेळा हरवलं असेल? तीन वेळा. त्यातल्या एका दिवशी त्याला ताप होता.

मी जळत होतो. हा शब्द तोंडातून काढायला मला इतका वेळ लागला, बघा. दोस्तावर जळणाऱ्या माणसाला काय म्हणतात? काही म्हणत नाहीत, कारण तो बाहेरून दोस्तासारखाच दिसतो. टाळ्या वाजवतो, खांद्यावर हात टाकतो, चहा सांगतो.

मला माझ्या मापाची स्टिक, म्हणजे बॉल मारायची काठी, करून घ्यायची होती. खरं नाव क्यू, पण आमच्याकडं सगळे स्टिकच म्हणतात. उत्तरेकडं एक कारागीर आहे, तो माणसाची उंची, हातांचा पसारा, पंजाची रुंदी बघून स्टिक बनवतो. ऑर्डरचा फॉर्म इंटरनेटवर. मी तो फॉर्म किती वेळा भरला असेल! माझे आकडे घातले, लाकूड निवडलं आणि शेवटचं बटण न दाबताच बंद केला. मनात यायचं, तीनदा जिंकलेल्या माणसाला खास स्टिक कशाला? बाबूभाई हसेल.

आणि मग परभणीच्या स्पर्धेला सहा महिने उरले असताना माणिकच म्हणाला, आपण एक स्टिक करून घेऊ. त्याचं बजेट मध्यम होतं — दुकानातल्या तयार स्टिकपेक्षा जास्त, परदेशी मालापेक्षा पुष्कळच कमी. शोभावहिनी, म्हणजे त्याची बायको, मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेल्या होत्या. ‘भाऊजी, सात वर्षं झाली, दुसऱ्याच्याच काठीनं खेळायलेत. एक सोताची होऊ द्या. पण नीट बघून घ्या, तुमच्याच भरवशावर हाय.’

मी नीट बघितलं. हे ऐकून ठेवा, मी सल्ला एकही खोटा दिला नाही. माणिकला मुठीवर शिंपल्याची नक्षी हवी होती. मी म्हणालो, नक्षीनं बॉल जात नाही, ते पैसे काठीच्या पुढच्या भागाच्या लाकडात घाल. दोन तुकड्यांचा जोड पक्का असला पाहिजे, ठोकल्यावर आवाज एकच यायला हवा. टोकाला चांगली चामड्याची टिप घे, ती स्वस्तात घेऊ नकोस. सजावट म्हणून फक्त मुठीवर नाव कोरून घे, त्याला फार लागत नाही. सगळं खरं होतं. आजही कुणी मध्यम बजेटमध्ये स्टिक करायची म्हणालं तर मी हेच सांगेन. आणि एक शेवटची गोष्ट सांगेन, जी माणिकलाही सांगितली होती. बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चालतं, माप चुकता कामा नये.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या टेलरकडून टेप आणला. माणिक दुकानाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला, एका हाताचं बोट झेरॉक्स मशीनपर्यंत, दुसऱ्याचं पार कॅलेंडरपर्यंत. विमा भरायला आलेली माणसं हसायला लागली. एक म्हातारा म्हणाला, लेकाचं लगीन हाय का, सदरा शिवायला घेतला का? माणिकही हसला. हात मात्र पसरलेलेच ठेवले, मी हलू नको म्हणालो होतो म्हणून. उंची घेतली, पसारा घेतला, पंजा घेतला. चिठ्ठीवर लिहिलं.

‘सुध्या, मला काय कळायलंय त्यातलं? तूच भर,’ असं म्हणून तो चहा आणायला गेला.

आता मी स्वतःला इतके दिवस काय सांगत आलो, ते सांगतो. मी सांगत आलो की कॉम्प्युटरनं केलं. मी तो फॉर्म पूर्वी भरलेला होता, त्यामुळं पान उघडल्याबरोबर रकान्यांत माझेच आकडे आले. गर्दी होती, बाकड्यावर सहा माणसं होती, मी फक्त नाव बदललं आणि बाकीचं राहून गेलं. होतं की नाही असं? कुणाचंही होऊ शकतं.

माझं झालं नाही. माझे आकडे आले हे खरं. मी ते खोडले. माणिकचे भरले, चिठ्ठी समोर ठेवून, बरोबर. मग माणिकचे खोडले. आणि माझे परत टाकले — उंची पाच फूट तीन इंच, माझ्या हातांचा पसारा, माझा लहान पंजा, माझ्या मनगटाला झेपेल असं हलकं वजन. हातानं. एकेक आकडा. नावाच्या रकान्यात ‘माणिक’ तसंच ठेवलं.

का? मला ती स्टिक हवी होती, की त्याला ती मिळायला नको होती? मला आजही ठरवता येत नाही. तो चहा घेऊन आला, झालं का म्हणाला. मी म्हणालो, झालं.

एवढ्यावर सुटलो असतो तरी एका दुपारचा वेडेपणा म्हणून पोटात घातला असता. पण दहा दिवसांनी त्या कारागिराचा फोन आला. नंबर मीच माझा दिला होता. त्यानं हिंदीत एकेक माप वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे ना? लाकूड कापायच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, म्हणाला, कारण कापलेलं वाढवता येत नाही. भला माणूस होता. मी रस्त्यावर उभा होतो, समोरून एसटी जात होती. ती जाऊ दिली. मग म्हणालो, हां, बरोबर आहे.

स्टिक आली. सुंदर होती. मुठीवर देवनागरीत ‘माणिक’. त्यानं ती हॉलच्या टेबलावर लोटून बघितली, रेघेसारखी सरळ गेली, कुठं उडाली नाही. बाबूभाईनं मात्र हातात घेऊन वळवून बघितली. ‘माणिकभाई, जरा आखूड न्हाई का वाटायली?’ माणिकनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, अरे, ही शरीराच्या हिशेबानं केलेली असते. आजवर चुकीच्या स्टिकनं खेळलास म्हणून ही वेगळी लागतेय. दोन-तीन महिने दे, हात बसेल.

त्यानं दिले. रोज संध्याकाळी जिनिंगमधून सुटला की हॉलवर. एवढा मोठा माणूस त्या आखूड स्टिकवर अंग चोरून वाकायचा. कोपर कुठं ठेवावं हे त्याला कळेना. सोपे बॉल चुकायला लागले. मधे एकदा त्यानं हॉलमधली जुनी स्टिक हातात घेतली, तर मीच ती काढून घेतली. सवय मोडेल, म्हणालो. बाकीचे हसायचे, पण मी हसत नव्हतो. मी त्याला कोन समजावत होतो! पहिल्यांदाच तो माझं ऐकत होता.

परभणीला तो पहिल्याच फेरीत हरला, एका नवख्याकडून. येताना गाडीत खिडकीशी बसून स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघत होता. ‘हातच गेला रे माझा,’ म्हणाला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? गाडीत आम्ही दोघंच होतो. मी त्याला शेंगा दिल्या.

मग तो डॉक्टरकडं गेला. मीच सोबत गेलो, नंबर लावला, फॉर्म भरला. डॉक्टरनं बोटं वाकवून बघितली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, तपासण्या केल्या. काही नाही, म्हणाले, हात ठणठणीत आहे. माणिकचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ म्हणाला. आम्ही गेलो.

मला वाटलं होतं, फार तर खेळ सुटेल. खेळच तो. कापसाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो — पण माझ्या शपथेला तुम्ही काय किंमत द्यावी? जिनिंगमध्ये तो कापूस ओढायचा आणि लांबी सांगताना अडायचा. पुन्हा ओढायचा. मशीन लावून बघा म्हणायचा. मग शेजारच्याला विचारायला लागला, तुला काय वाटायलंय? जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग लागलेली, आणि हा मुठीत कापूस धरून उभा. वहिनींनी मला विचारलं, भाऊजी, यांना नेमकं झालंय काय? मी म्हणालो, मनाचं आहे, निघेल. हंगाम संपायच्या आत मालकांनी त्याला वजनकाट्यावर बसवलं. चांगले मालक होते, पगार तोडला नाही. पण तिथं हात लागत नाही. काटा दाखवतो तो आकडा बघायचा.

स्टिक त्यानं मला दिली. एका रविवारी दुकानात आला, पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. घरात बघवत न्हाई, म्हणाला. मी नको नको म्हणालो, फार नाही, दोनदा. संध्याकाळी हॉलवर त्याच्यासमोर ती धरली. मूठ हातात बरोबर बसली, कोपर आपोआप जागेवर आलं. पहिलाच बॉल गेला, दुसरा गेला. माणिक बाकड्यावर बसून बघत होता. ‘तुलाच बसायलीय बघ. तुझ्यासाठीच केल्यासारखी.’ त्याला खरंच आनंद झाला होता. पैसे वाया गेले नाहीत याचा.

मी अजून तिच्यानंच खेळतो. खेळणं बंद केलं तर तो विचारेल, का रे? आणि खेळलो की जिंकतो. प्रत्येक फटक्याला माझ्या तळहाताखाली त्याचं नाव लागतं. मापाची ती चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या कारागिराकडून त्याच्या मापाची दुसरी करून आणावी, असं किती वेळा मनात आलं. आणून काय सांगू? आणि त्याच्या हातात आता काय उरलंय, हे मला कुठं माहीत आहे? न सांगता राहवत नाही आणि सांगायला गेलो की तोंडातून चहाच निघतो — चल, चहा घेऊ.

मागच्या आठवड्यात तो पल्लवीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आला. दर वर्षी मीच भरतो. गेल्या वर्षीचा उघडला, ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘कापूस ग्रेडर’ असं आलं. मी पुढं सरकणार, तेवढ्यात त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं.

‘ते ग्रेडर खोड,’ म्हणाला. ‘काटा लिही. वजनकाटा.’

मी म्हणालो, राहू दे की, कोण बघतंय. तो म्हणाला, न्हाई, फॉर्ममधी खोटं नगं.

मी खोडलं. वजनकाटा लिहिलं, काळजीपूर्वक, एकेक काना तपासून. प्रिंट काढून त्याच्यापुढं ठेवली आणि एकदा वाचून घे म्हणालो. तो हसला. ‘तू भरलायस ना?’ म्हणाला आणि न वाचताच सही केली.