मामींच्या तोंडातल्या टाचण्या

आमच्या मामींचं तोंड कधी रिकामं नसे. एकतर बोलणं, नाहीतर टाचण्या. बहुतेक वेळा दोन्ही एकदम. नात्यातल्या प्रत्येक नवरीला साडी नेसवण्याचा मान त्यांचा. ओठांत टाचण्या धरून, दातांतून सूचना देत त्या निऱ्या घालत. नवरीनं श्वासही त्यांना विचारूनच घ्यायचा. "पोट आत घे, पोरी. संसारात लई उपयोगी पडतं," असं त्या बजावत.

माझ्या लग्नात मामाची पिवळी साडी नेसवताना बाहेरून कुणीतरी ओरडलं, "नवरदेव आला, आटपा." उत्तर द्यायला मामी वळल्या आणि त्यांना ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. घटाघटा पाणी पिऊन, डोळे पुसून त्या म्हणाल्या, "काय नाय. सरळ उभी राहा." पदराला शेवटची टाचणी कमी पडली, ती त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची काढून लावली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

टाचणी पोटात गेली होती. नवरीच्या साडीची टाचणी गिळली हे कळलं तर माझ्या सासरची वैजापूरची माणसं अपशकुन म्हणतील, या धास्तीनं मामी मामांजवळसुद्धा बोलल्या नाहीत. टाचणी खाली जाईल म्हणून आधी केळी खाल्ली. दुखायला लागल्यावर एरंडेल घेतलं. आमच्या घरात पोटाच्या कुठल्याही तक्रारीला एरंडेलच, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

मांडवपरतणीला मी नवऱ्याबरोबर माहेरी आले तेव्हा मामी पंगतीत वाढत होत्या, आणि बोलत नव्हत्या. वरणाचं भांडं कसंबसं खाली ठेवून त्या तिथंच दुमडून बसल्या. अंग तापलेलं, पोट पाटासारखं कडक, कुणाला हात लावू देईनात.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाई, काही गिळलं होतं का?" मामींनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लग्नाचं जेवले." शेवटी एक्स-रेमध्ये टाचणी दिसली. डॉक्टर मामांना म्हणाले, "आतड्याला भोक पडलंय, पोटात घाण पसरलीय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. वाचतीलच असं मी सांगत नाही." मामांनी सही केली. स्ट्रेचरवरून मामी म्हणाल्या, "पोरीच्या सासरी सांगू नका." स्ट्रेचरचं दुसरं टोक माझ्या नवऱ्यानंच धरलं होतं.

टाचणी काढून आतड्याचा खराब तुकडा कापला, उरलेलं जोडलं, पोट आतून धुतलं. तरी ताप उतरेना. पोटाला नळी, हाताला सलाईन, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मामा बाकावर बसून एकच म्हणत, "मला तरी सांगायचं." ताप उतरला तेव्हा ते त्या बाकावरच रडले.

पुढे मामी टाचण्या मनगटाला बांधलेल्या फडक्याला टोचून ठेवू लागल्या. तोंड पूर्णपणे बोलायला मोकळं झालं, म्हणजे नवरी मुलींची अधिकच पंचाईत. मला मात्र पोटावरच्या टाक्यांच्या व्रणाकडे बोट दाखवून चिडवत, "तुझ्या लग्नाचा आहेर अजून पोटावर वागवते मी."

ते वाक्य मी फार मनावर घेतलं. आम्ही बजाजनगरला राहत असताना नवऱ्याची नोकरी गेली, तो प्यायला लागला, हात उगारायला लागला, तरी मी कुणाजवळ बोलले नाही. एका दुपारी मात्र पिशवी भरून मामींकडे गेले. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. ज्या संसारासाठी तुम्ही मरणाच्या दारात गेलात, तो मला..."

मामी उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. "टाचणीनं नाय गं मी मरायला टेकले," त्या म्हणाल्या. "गप्प बसल्यानं टेकले. मामांना त्याच दिवशी सांगितलं असतं तर एवढं पोट फाडायची पाळी आली नसती. तू बोल. आधी बोल, मग काय करायचं ते बघू."

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं अखंड बोलणं अजून कानात आहे. पण त्या दुपारी मामी गप्प बसल्या होत्या, आणि मी बोलत होते.