मनमाडला राखून ठेवलेली जागा

मी आज जो कोणी आहे तो कर्जत स्टेशनावरच्या एका तारमास्तरांमुळे. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यात त्यांचा काही दोष नव्हता, तरी तो त्यांच्याच नावावर चढला. आणखी एका कागदावर ते नाव चढवण्याची माझी इच्छा नाही.

आमचे घर चौकजवळच्या एका खेड्यात. वडील भातशेती करीत, आणि दिवाळीनंतर मुंबईला जाणाऱ्या गवताच्या गाड्या कर्जतला नेत. खालापुरास माझी मराठी शाळा संपली त्या वर्षी स्टेशनाबाहेर गवत उतरवताना मास्तरांनी वडिलांना सहज विचारले, "पोरगा पुढे काय करणार?"

"काय करायचंय? बैल हायेत की."

"बैलांना सोबत तुमची आहे. पोरगा माझ्याकडे धाडा."

त्या एका शब्दावर मी त्यांच्या दोन खोल्यांत राहू लागलो. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणे. काकू माझे पान त्यांच्याच पंगतीत मांडीत. कुणब्याच्या मुलासाठी त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती, आणि त्यावरून त्यांना शेजारणींचे बोल ऐकावे लागत, हे मला फार पुढे कळले. मास्तरांनी मला इंग्रजी शिकवले ते रेल्वेच्या टाइमटेबलावरून. गाडी येते, गाडी सुटते, गाडी येथे थांबत नाही. माझी पहिली क्रियापदे ही. पुढे पुण्यास हायस्कूल आणि कॉलेज झाले तेही त्यांच्याच आग्रहाने. सुटीत मी घरी जाण्याआधी कर्जतला उतरत असे.

मास्तरांची एक रीत होती. कोणतीही तार धाडण्यापूर्वी ते ती दोनदा वाचीत, दुसऱ्यांदा प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावापुढे एकही वाईट शेरा नव्हता. मी बी. ए. झालो त्या हिवाळ्यात घाटावरच्या एका लहान स्टेशनाचे स्टेशनमास्तरपण त्यांना मिळणार, असे जवळजवळ ठरले होते. नव्या घराच्या अंगणात कोणती फुलझाडे लावायची हेही काकूंनी ठरवून टाकले होते.

निकाल घेऊन मी कर्जतला उतरलो तेव्हा फलाटावरचा म्हातारा हमाल ओरडला, "आलं रं, बीए आलं! आता टोपी आमी काढायची का तुमी?"

"तू काढ," मास्तर तारखोलीतून म्हणाले, "त्याची मी काढून घेतो. डोकं तेवढंच आहे का वाढलंय, बघू दे."

मी हसलो. पण खरे सांगायचे तर डोके वाढलेच होते.

त्याच दिवशी दुपारी तो परदेशी म्हातारा आला. इंग्रज नव्हे, युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याशा देशाचा. त्याचे इंग्रजी माझ्याइतकेच पुस्तकी होते. माथेरान पाहून तो डोलीतून नेरळला उतरला होता आणि पुण्याच्या गाडीसाठी कर्जतपर्यंत आला होता. त्याचा एक पाय वाकत नसे. तो लांब करून तो बाकावर बसला, मांडीवर नकाशा पसरला आणि मास्तरांना म्हणाला, "मला पुणे पाहायचे आहे, मग काशी, आणि मग कलकत्त्याहून बोटीने घरी. बसून रात्र काढता येत नाही. आडवे व्हायला जागा हवी."

घाट चढायला मागून इंजिन लावायचे म्हणून गाड्या कर्जतला खोळंबत, आणि त्या वेळी मास्तरांच्या यंत्राला उसंत नसे. ते मला म्हणाले, "एवढं तू बघ. टाइमटेबल तुला पाठ आहे."

मला केवढा आनंद झाला! माझी सारी विद्या एका गोऱ्या माणसाच्या उपयोगी पडत होती. मी त्याच्या शेजारी बसून सारा प्रवास आखला. पुण्यात तीन दिवस. मंगळवारी सकाळी पुण्याहून निघायचे, दौंडला गाडी बदलायची, दिवेलागणीला मनमाड. तेथे रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मुंबईहून येणारी डाकगाडी, ती थेट जबलपूरकडे. त्या गाडीत पहिल्या वर्गाची एक निजायची जागा मनमाडपासून राखून ठेवावी, अशी तार करायची.

म्हाताऱ्याने वहीत लिहिता लिहिता विचारले, "म्हणजे मंगळवार संपल्यावरची रात्र ना?"

"होय," मी म्हणालो, "मंगळवारची रात्र." आणि मनात म्हणालो, याला एवढेही कळत नाही.

मग तारखोलीत जाऊन मी माझ्या सुबक अक्षरात फॉर्म भरला: मंगळवार, रात्री १-१०.

बाहेरच्या माणसाने तारखोलीत पाऊल टाकू नये असा कंपनीचा नियम होता. माझ्यासाठी मास्तरांनी तो कधीच पाळला नाही. त्यांनी फॉर्म घेतला, बोट ठेवायला गेले, आणि थांबले. "छे, बी. ए.चं लिहिलेलं मी काय तपासायचं?" असे म्हणून त्यांनी तार कडकडवली.

आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर उगवतो. पहाट होईपर्यंत आदल्या दिवसाचाच वार चालतो. मंगळवारी जेवून निजलेला माणूस मध्यरात्रीनंतर उठला तरी त्याच्या लेखी मंगळवारच असतो. रेल्वेचा वार मात्र रात्री बाराला बदलतो. मी लिहिलेला मंगळवारचा रात्रीचा एक कंपनीने धरला तो आपल्या सोमवारच्या रात्रीचा. त्या रात्री मनमाडपासून एक जागा राखली गेली आणि रिकामी पुढे गेली. दुसऱ्या रात्री म्हातारा फलाटावर उभा राहिला तेव्हा त्याच्या नावाची जागा कोठेच नव्हती. त्याला दोन दिवस तेथे खोळंबावे लागले, काशी राहिली आणि कलकत्त्याची बोट चुकली.

हे सारे त्याच्या पत्रातून कळले. ते पत्र वरच्या कचेरीतून फिरत कर्जतला आले. त्यात एकही रागाचा शब्द नव्हता. कोणाचे वाईट व्हावे अशी माझी इच्छा नाही, फक्त माझ्यामागून येणाऱ्या प्रवाशांवर ही वेळ येऊ नये, असे त्याने लिहिले होते. कर्जतला मला मदत करणारा तरुण फार आस्थेवाईक होता, असेही एक वाक्य होते.

मी तेव्हा गावी होतो. मास्तरांचा निरोप आला: मनमाडच्या तारेत वार चुकला, चौकशीला साहेब येणार आहे, तू येऊन जा. निघण्यापूर्वी मी वडिलांना प्रकार सांगितला.

"मंगळवारची रात म्हंजे मंगळवार मावळला की मगची," वडील म्हणाले. "दुसरी कंची आसल रं? तुजं काय चुकलं?"

ते वाक्य मी कर्जतपर्यंतच्या वाटेवर मनात घोळवीत गेलो. त्याने बरे वाटत होते.

चौकशीचा साहेब तारखोलीत खुर्चीवर बसला होता. मी दारापाशी, बाहेरच्या बाजूला. त्याने फॉर्म पुढे धरला. "ही वाराची चूक कोणाची?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी बोलावे म्हणून नव्हे आणि बोलू नये म्हणूनही नव्हे. त्यांनी मला मोकळे सोडले होते. मला दोनच शब्द म्हणायचे होते. पण साहेबाबरोबर आलेला कारकून कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गात होता. त्याने मला ओळखले होते. बी. ए.ला वार कळत नाही, ही गोष्ट पुण्यात कशी सांगितली जाईल ते मला तेथल्या तेथे ऐकू आले.

"तार माझ्या हातून गेली," मास्तर म्हणाले. "चूक माझी."

साहेब म्हणाला, "अक्षर तुमचे दिसत नाही."

"घाईत अक्षर बदलतं, साहेब."

कारकून खाली मान घालून लिहीत राहिला. मी पायांतल्या वहाणांकडे पाहत राहिलो. ते संपल्यावर मास्तर मला एवढेच म्हणाले, "जेवून जा. काकूंनी तुझं पान मांडलंय." मी जेवलो. घास गिळवत नव्हता असे लिहिले तर शोभेल, पण मी पोटभर जेवलो आणि काकूंनी वाढलेले ताकही घेतले.

त्यांच्या नावापुढे शेरा पडला. स्टेशनमास्तरपण दुसऱ्याला गेले, आणि त्यांची बदली फार लांब, सोलापूरच्याही पलीकडे झाली. तेथेही ते यंत्रावरच बसले. मी एका हायस्कुलात शिक्षक झालो. सणासुदीला त्यांना पत्र लिही; त्यात प्रकृतीची चौकशी असे, पावसाची हकीगत असे, हे नसे. त्यांची उत्तरे प्रेमळ असत. त्या प्रत्येक उत्तराने मी थोडा लहान होई. सहा वर्षांनी काकूंच्या पत्रातून कळले की मास्तरांची नजर अधू होत चालली आहे, ते वर्षभरात नोकरी सोडतील, आणि तो शेरा तसाच राहणार याचे त्यांना अजून वाईट वाटते. तेव्हा मी हे पत्र धाडले:

"तीर्थरूप मास्तर, साष्टांग नमस्कार.

काकूंना हे पत्र मोठ्याने वाचायला सांगावे. त्यांनाही ते कळायला हवे.

मनमाडच्या तारेतला वार मी चुकवला. साहेबाने विचारले तेव्हा मी दारात होतो आणि बोललो नाही. आपल्याकडे रात्र आदल्या दिवसाची धरतात हे कारण मी सहा वर्षे पांघरून बसलो. त्याने चूक झाकली जाईल, गप्प राहणे झाकले जात नाही. मला नोकरीची भीती नव्हती. लोक हसतील याची होती. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुमचे स्टेशन जाऊ दिले.

सोबत एक इंग्रजी अर्ज आहे, कंपनीच्या वरच्या साहेबांच्या नावाने. त्यात फॉर्म मी लिहिला, वार मी चुकवला, असे माझ्या सहीने लिहिले आहे. तो मी परभारे धाडला नाही, कारण बाहेरच्या माणसाला तारखोलीत येऊ दिले हेही त्यातून उघड होते, आणि त्याचा ठपका पुन्हा तुमच्यावरच येईल. मला न विचारता तुम्ही माझे ओझे घेतलेत. तुम्हाला न विचारता मी आणखी एक लादू इच्छीत नाही. अर्ज धाडावा असे वाटले तर तिकीट लावलेला लिफाफा आत आहे. न वाटले तर फाडून टाकावा. काहीही केलेत तरी ते योग्यच असेल.

अर्जातली तारीख आणि वार मी दोनदा वाचले आहेत. तरी एकदा काकूंकडून तपासून घ्यावे.

तुमचा अपराधी."