चार-चारचे आठ

कतारमधल्या दुखानच्या तेलाच्या कॅम्पवर मी क्लार्क होतो. आमच्याच रत्नागिरीकडचा एक वेल्डर माझ्या खोलीत राहायचा. त्या वर्षी दोन महिने घरी जायचा नंबर त्याचा होता, माझा पुढच्या वर्षी. त्याची आई अंथरुणाला खिळली होती. तसं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं होतं.

अमेरिकन ड्रिलर फासे खेळायचे. त्यातली एक जोडपैज मला नीट कळली होती. दोन्ही फाशांवर चार-चार पडून आठ झाले तर जिंकलो. त्याआधी सात आले, किंवा पाच-तीन, सहा-दोन असे आठ झाले, तर हरलो.

एका शुक्रवारी दुपारी, खोलीत कॅम्पवरचे पाच-सहा जण जमले असताना, मी त्याला ही पैज लावायला लावली. "आठ आले तर माझेही दोन महिने तुझे. सात आले तर तुझा नंबर माझा." बाकीचं मी मुद्दाम गिळलं.

त्याने पाच आणि तीन टाकले. "चार महिने आईजवळ रे," तो हसत म्हणाला.

"हे आठ चालत नाहीत. चार-चारच लागतात. खलास."

"आधी का नाय सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

खोलीतले सगळे हसले. त्याने शब्द पाळला आणि बोटीने मी गेलो.

गावी त्याच्या आईला भेटलो. तिने विचारलं, "माझा पोर का नाय आला, बाबा?"

"त्याला सुट्टी नको होती, काकी," मी म्हणालो.

माझी सुट्टी संपायच्या आत ती गेली. तिला शेवटपर्यंत तेच खरं वाटलं.