दुसरी फेरी

आर्वीच्या कापूस बाजारातला एक हमाल आणि मी मधुमेहासाठी एकाच डॉक्टरकडे जायचो. पहाटे फिरतानाही भेटायचा. मला मागे टाकत हसायचा, "चाला साहेब, साखर मांगं लागून राह्यली!"

मी एक फेरी मारून घरी वळायचो, तो पुन्हा निघायचा. त्याचा हा उत्साह मला खुपायचा, खोटं कशाला सांगू?

एकदा त्याच्या पायाच्या अंगठ्याला रक्ताळलेली चिंधी दिसली. मी म्हटलं, "भाऊ, हे बरं होईस्तोवर एक फेरी तरी कमी कर न!"

"कोनती करू?" त्यानं खरोखरच विचारलं. "एक डाक्तरनं सांगतली ते. दुसरी गोळीच्या बदल्यात. गोळ्या परवडत नाई नं मले."

तो लंगडत निघाला. गोळीची फेरी बाकी होती.