वाटाड्याचा बिल्ला

चिटणिसांनी बाकी दोघांच्या सदऱ्याला बिल्ला स्वतःच्या हातानं लावला. टाचणी टोचू नये म्हणून सदऱ्याच्या आत दोन बोटं घालून. माझा बिल्ला त्यांनी टेबलावरून सरकवला.

जरा जोरात सरकवला. तो खाली पडला. मी वाकून उचलला. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘वाटाड्या’.

मी अर्ज केला होता मार्गदर्शकाच्या जागेसाठी. साताऱ्यातल्या काही बड्या मंडळींनी तेव्हा एक मंडळ काढलं होतं. सातारा ही मराठ्यांची राजधानी, तर बाहेरगावच्या पाहुण्यांना ती नीट दाखवायची. सकाळी संगम माहुली, मग राजवाडा, जेवण, दुपारनंतर अजिंक्यतारा, उतरताना कंदी पेढे. मी मॅट्रिक झालेला. वय चोवीस. दुष्काळात दोन वर्षं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली. ही जागा निघाल्याचं कळलं तेव्हा वाटलं, ही माझीच. कारण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमची वस्ती, आणि गड मला तोंडपाठ.

“साहेब, मी मार्गदर्शकासाठी अर्ज केलता,” मी म्हणालो.

“मार्गदर्शक आपले सर आहेत. तू गडाची वाट दाखवायची. सांगायचं काम तुझं नाही.”

“मला म्हाईत हाय गडाचं. माज्या आज्यानं सांगितलंय.”

“लेखी आधार आहे काही?”

“न्हाई.”

“मग ती माहिती नव्हे. ऐकीव गोष्टी झाल्या त्या.”

मग त्यांनी मला समजावलं. चांगल्या सुरात समजावलं, हे मुद्दाम सांगतो. म्हणाले, गाईड, ड्रायव्हर हे असले शब्द आपल्या मंडळात नकोत. राजधानीला साजेसे जुने शब्द आपण शोधून काढलेत. वाटाड्या हा किती गोड शब्द आहे बघ. ड्रायव्हरच्या बिल्ल्यावर त्यांनी ‘सारथी’ लिहिलं होतं. तो कराडचा गडी. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “गड्या, गाडीचा बिरेक लागंना, आन् म्या सारथी!” आम्ही दोघं हसलो. पण त्याचं हसू त्याच्या घरी नेण्यासारखं होतं. माझं नव्हतं.

वाटाड्या हा शब्द चिटणिसांना पुस्तकात सापडला असेल. मला तो घरात सापडला होता. माझा आजा वाटाड्या होता. आम्ही महार. गावकीचं काम पाळीपाळीनं आमच्या घरांवर यायचं. साहेब आला, मामलेदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळत वाट दाखवायची. शिवेपर्यंत पळायचं. पुढच्या गावाचा महार तिथं उभा असायचा. त्याच्या हवाली करून परत फिरायचं. साहेब वाड्यावर उतरला तर वाटाड्यानं दाराशी बाजूला व्हायचं, सगळे आत गेले की बाहेर धुळीत बसायचं. वाटेत सगळ्यांच्या पुढं आणि दारात सगळ्यांच्या मागं. आज्याच्या टाचांना एवढ्या भेगा होत्या की लहानपणी मी त्यात ज्वारीचा दाणा बसवून बघायचो.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते काम सोडलं. बाबासाहेबांच्या मागं सगळी वस्ती बौद्ध झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून गावकीची खूण असलेल्या घुंगराच्या काठ्या चावडीपुढं नेऊन ठेवल्या. त्यानंतर दोन वर्षं गावानं आम्हाला दळण दळू दिलं नाही, हेही मला आठवतं. आबा डगमगले नाहीत. पुढं रात्रशाळेत ते अक्षरं शिकले. बोट ठेवून वाचायचे.

त्या संध्याकाळी मी बिल्ला खिशात लपवायला हवा होता. विसरलो. आबांनी बोट ठेवून वाचलं. “वा. टा. ड्या.”

मग म्हणाले, “आमी ठिवली हुती रं काठी. तू उचाललीस व्हय?”

“आबा, नोकरी हाय. गावकी न्हाई.”

त्यांनी भाकरी खाली ठेवली. उठले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. आई कधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. चुलीच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. माणूस समोर असून घर रिकामं वाटतं, ते मी तेव्हा शिकलो.

तरीही मी जात राहिलो. का? खोटं कशाला बोलू, मला गडावर बोलायचं होतं. आज ना उद्या सर आजारी पडतील, कुणीतरी मला विचारील, मग मी सांगेन. एवढ्या आशेवर. पाहुणे नसायचे त्या दिवशी मी एकटाच गड चढायचो. राजसदरेच्या पडक्या जोत्यापुढं उभा राहून मोठ्यानं सांगायचो. समोर गवत. मी म्हणायचो, “मंडळी, हा यवतेश्वर, तो सज्जनगड, पलीकडं जरंडा.” आज्यानं सांगितलेलं पहाऱ्याचं सांगायचो. दरवाजातल्या देवडीत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या ओट्यावर, आमची माणसं बसत. एका बुरुजावरून ‘हुश्शार’ अशी हाक निघाली की पुढचा बुरूज ती उचलायचा. हाक गडाला फेरी मारून परत आली तर सगळं ठीक. मधेच तुटली तर समजायचं, तिथला माणूस मेला तरी किंवा झोपला तरी. आज्याला चार नावं पाठ होती. आमच्या घराण्यातली, त्या देवडीतली. येसनाक, धोंडनाक, काळनाक, गोंदनाक. ती मी शेवटी म्हणायचो. कुणीही टाळी वाजवायचं नाही. वाजवणार कोण? गड उतरताना मला स्वतःचीच लाज वाटायची, आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच करायचो.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पांढरं स्वच्छ धोतर, खणखणीत आवाज. वाईट माणूस नव्हता. मला कधी शिवी दिली नाही. माझं नावही कधी घेतलं नाही. ‘वाटाड्या, चल.’ ‘वाटाड्या, थांब.’ मोठ्या दरवाजाशी आलो की म्हणायचे, “वाटाड्यानं बाजूला व्हावं. पाहुणे आधी. जुना रिवाज आहे.” मी बाजूला व्हायचो. सगळे आत गेले की मागून जायचो. आज्याच्या टाचा घेऊन.

मग ती सांगलीची सहल आली. शाळेतल्या शिक्षिका आणि कुणाकुणाचे यजमान. त्यांत एक वयस्कर बाई होत्या. कृष्णाकाठच्या, बोलायला गोड. माहुलीला उतरताना त्यांनी मला विचारलं, “तुम्ही इथलेच का हो?” ‘तुम्ही’ म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की मी नुसती मान हलवली.

माहुलीला साताऱ्याच्या महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. वाघ आला तेव्हा कुत्रं भुंकलं, महाराजांचा जीव वाचला. मग त्याला पालखीचा मान मिळाला. सर हे फार रंगवून सांगत. त्या दिवशीही सांगितलं. इमानी जनावर, म्हणाले. त्या बाईंनी समाधीवर फूल ठेवलं. एकदोघांनी हात जोडले. मी लांब उभा होतो. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही. भुंकायची वेळ आली तेव्हा ते भुंकलं.

दुपारी गडावर गेलो. ऊन तापलेलं. मी पुढं, माझ्यामागं धापा. दरवाजाशी पोचलो, रिवाजाप्रमाणे मी बाजूला झालो. सगळे आत जाऊन सावलीत टेकले. मी मागून आलो. सरांनी देवडीकडं छडी केली.

“ही पहारेकऱ्यांची जागा. असा बळकट किल्ला! पण इथं हलक्या जातीची माणसं ठेवली. त्यांनी फितुरी केली, शत्रूला दार उघडून दिलं. राजधानीचा घात बाहेरच्यांनी नाही केला, या ओट्यावर बसणाऱ्यांनी केला.”

हे ते आधी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी कशानं सुचलं ठाऊक नाही. सकाळी कुत्र्याचं इमान सांगितलं होतं, त्याला जोड हवी होती बहुतेक.

कुणीतरी चुकचुकलं. “अरेरे,” म्हणालं.

त्या ओट्यावर येसनाक बसला होता. धोंडनाक बसला होता. मी त्या ओट्याला आज्याबरोबर हात लावला होता, त्यानं आपला हात नंतर डोळ्यांना लावला होता.

“सर,” मी म्हणालो, “हे कुठं लिवलंय?”

सगळे वळले. वाटाड्या बोलला.

सरांनाही नीट कळलं नाही. “काय?”

“दार उगडल्याचं. कुठं लिवलंय?”

त्यांनी छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “प्रत्येक गोष्ट लिहिलेली नसते. परंपरेनं लोक सांगत आलेत.”

“कोन लोक?”

“सगळ्यांना ठाऊक आहे ते.”

“माज्या आज्यानं मला सांगितलं ते ऐकीव. आन् तुमचं? तुमचंबी ऐकीवच की.”

ते हसले. खरंच हसले, रागावले नाहीत. लहान पोरानं काही मजेशीर बोलावं तसे. पाहुण्यांकडं बघून म्हणाले, “वाटाड्यानं वाट दाखवावी. इतिहास आमच्याकडे राहू दे.”

पाहुणेही हसले. सगळे नाही. त्या सांगलीच्या बाई हसल्या नाहीत. मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं होतं, या बोलतील. एक वाक्य. ‘सांगू दे की त्याला,’ एवढंच. बाई पुढं झाल्या, हळूच म्हणाल्या, “जाऊ द्या हो. कशाला वाद वाढवता?” आणि पिशवीतून केळं काढून माझ्यापुढं धरलं.

त्या केळ्यानं मला जेवढं दुखवलं तेवढं सरांच्या हसण्यानं नाही दुखवलं. सर मला माणसात धरत नव्हते, ते मला ठाऊकच होतं. या धरत होत्या, आणि तरी केळंच देत होत्या.

मी केळं घेतलं नाही. बिल्ल्याची टाचणी काढली. ती बोटात घुसली. देवडीच्या दगडावर बिल्ला ठेवला आणि सरांकडं सरकवला. हातात दिला नाही. तो कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. या वेळी मी वाकलो नाही.

“खाली जायाची वाट ती,” मी हात करून दाखवलं. “सरळ हाय. चुकायची न्हाई.”

“अरे, पण नोकरीवर आहेस तू!” सर म्हणाले.

“न्हाई. मी देवडीवर हाय.”

आणि मी ओट्यावर चढून बसलो. भिंतीला पाठ लावून, पाय मांडून. त्या जागेवर इतक्या वर्षांत आमच्यातलं कुणी बसलं नव्हतं. मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. हाक कशी निघायची, कशी फिरायची, तुटली तर काय. नावं घेतली. चारही. आवाज फाटत होता. राजसदरेपुढं गवताला सांगताना किती सुरेख सांगायचो मी! त्या दिवशी सगळं आडवंतिडवं झालं. सरांनी गड तसाच सोडून सगळ्यांना खाली चला म्हटलं. कुणी थांबलं नाही. एकेक जण माझ्यासमोरून दरवाजाबाहेर पडला, खाली बघत, सर सगळ्यांत शेवटी. पहिल्यांदाच. बाईंनी जाताना ते केळं ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. मी ते तिथंच राहू दिलं.

मग गडावर कोणी नव्हतं. वारा होता. मला रडू आलं, हेही लिहितो. शूर माणसासारखा मी तिथं बसलो नव्हतो. नोकरी गेली होती, घरी बोलायला कुणी नव्हतं, आणि ज्या एका दिवसासाठी मी वर्षभर गवताशी बोललो होतो तो दिवस असा गेला होता.

घरी आलो. आबा दारात बसले होते. त्यांनी सदऱ्याकडं बघितलं.

“बिल्ला?”

“दिला परत.”

मला वाटलं, आता जवळ घेतील. निदान बस म्हणतील.

“लय उशीर केलास,” ते म्हणाले, आणि आत गेले.

खरं होतं ते.

मंडळानं आठवड्याच्या आत दुसरा वाटाड्या घेतला. आमच्याच वस्तीतला, माझ्या चुलत्याचा मुलगा, बायको-पोरांचा धनी. बिल्ला तोच. टाचणी तेवढी नवी. वाटेत भेटला की नजर चुकवतो. मी त्याला दोष देत नाही. पण मी त्याला सोडतही नाही. तो सरांना घेऊन दरवाजाशी येतो तेव्हा मी देवडीत बसलेला असतो. दर रविवारी. मंडळानं तक्रार केली, पोलीस आला, विचारलं, “इथं काय काम?” मी म्हणालो, “पहारा.” त्यानं मला उठवलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा बसलो.

पाहुणे आत येतात. सर छडी देवडीकडं करत नाहीत आता, घाईनं पुढं नेतात. मी सांगत असतो. कधी एखादा ऐकतो, कधी कुणीच नाही. हाक गडाला फेरी मारून परत यायची, असं आजा म्हणायचा. माझी अजून आलेली नाही. मी तरी ती तुटू देणार नाही.

कुणाच्या घोड्यापुढं, गाडीपुढं, धोतरापुढं मी यापुढं चालणार नाही. दारात बाजूला होणार नाही. आणि लेखी आधार मागत होते ना? हे घ्या. येसनाक, धोंडनाक, काळनाक, गोंदनाक. अजिंक्यताऱ्याच्या देवडीत बसले, जागे राहिले, दार उघडलं नाही. मी लिहिलंय. आता विचारा, कुठं लिहिलंय म्हणून.