चांगल्या पायातल्या सुया

सेनगावच्या बाजारातून येताना आमची जीप उलटली आणि माझा डावा पाय मोडला. हिंगोलीच्या हाडाच्या डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. "काढू तेव्हा पाय वाळलेला असेल," ते म्हणाले. "पायानं मशीन चालवायचं विसरा."

मी गावात शिलाई करायची. झंपर, परकर, शाळेचे ड्रेस. अंथरुणावर पडल्या पडल्या मला कोपऱ्यातलं मशीन दिसायचं. थोरल्या दिरांनी त्याच आठवड्यात विषय काढला.

"गंजण्यापेक्षा मशीन माझ्या मेव्हणीला देऊन टाकू. तिचं तरी भलं व्हईल."

नवऱ्यानं मान खाली घातली. मी पदर सारखा केला. "पाय मोडलाय भाऊजी, मी मेली न्हाई." दिरांपुढं तोंड उघडायची माझी ती पहिलीच वेळ. ते ताडकन उठून गेले.

शेजारच्या मुसलमान मावशीला, आमच्या खालाला, हे कळलं. तिची आखडलेली मान हिंगोलीतल्या एका डॉक्टरांनी सुया टोचून मोकळी केली होती. सुयांना ते वायरी लावून करंट देत. "चल," खाला म्हणाली, "कुणाला इचारू नको."

सुयावाल्या डॉक्टरांनी प्लास्टर पाहिलं. "याच्या आत मला जाता येणार नाही. सुया उजव्या पायाला लावू."

"पण मोडला तर डावा!" खाला म्हणाली.

"एका पायाकडून काम करून घेतलं की दुसऱ्याचीही ताकद थोडी टिकते, असं आमच्या वाचनात आहे. खात्री देत नाही. बघायचं का?"

"लावा," मी म्हणाले.

नडगीच्या बाजूला बारीक सुया गेल्या. त्यांना चिमटे लावून वायरी एका छोट्या डब्याला जोडल्या. डॉक्टरांनी बटण फिरवलं. मला चटक्याची भीती होती, पण चटका बसला नाही. आतून कुणी टकटक केल्यासारखं झालं आणि माझं पाऊल आपोआप वर उडायला लागलं.

"या अल्ला, पाय तर नाचून राहिला!" खाला ओरडली.

"सोसेल तेवढंच वाढवतो."

"वाढवा."

"दुखेल."

"वाढवा म्हणते ना!"

गावात हसं झालं. दीर पारावर सांगत फिरले, "दुखणं एका पायाला अन् सुया दुसऱ्याला. पागल झाली." घरी येऊन मला म्हणाले, "आता तरी बंद कर हे."

"पाय माझा, तकलीफ माझी. तुमी काहून लाजून राहिले?"

नवऱ्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. पुढच्या खेपेला जीपमध्ये मला उचलून त्यानंच बसवलं.

प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, कातडीचे पोपडे निघत होते. हाडाचे डॉक्टर म्हणाले, "पाऊल वर ओढा." मी ओढलं. त्यांनी हातानं खाली दाबलं, तरी मी सोडलं नाही. "बरीच ताकद राहिलीय," ते म्हणाले. सुयांचं सांगितलं तर खांदे उडवून म्हणाले, "असेल. व्यायाम सोडू नका."

मग सुया डाव्या पायाला लागल्या. करंटनं पाय उडायचा, पण सुयावाले डॉक्टर बजावायचे, "डबा जन्मभर उचलणार नाही. तुम्ही उचला." मी घरी पावलाला विटेची पिशवी बांधून पाय उचलायची. दुखून डोळ्यांत पाणी यायचं, तरी दार उघडंच ठेवायची. बघायचं त्यानं बघावं.

एके दिवशी दीर मेव्हणीच्या नवऱ्याला घेऊन मशीन न्यायला आले. मी उठले, भिंतीला न धरता मशीनपाशी गेले, बसले आणि डाव्या पायानं पायडल दाबलं. चाक अडखळलं, मग फिरलं. मी पुढ्यातल्या परकराची शिवण घालायला घेतली. ते दोघं उभेच.

"चहा घेऊन जा," मी म्हणाले, आणि मशीन थांबवलं नाही.

जिना चढताना मी आजही लंगडते आणि डावी पोटरी बारीकच आहे. चालताना कुणी हात पुढं केला, तर मी तो घेत नाही.