तक्त्यातली एक ओळ

कारखान्याची ऊसतोडीची यादी आता वेबसाइटवर येते. कुणाच्या उसाला टोळी कधी येणार, ते आबा, म्हणजे माझे वडील, रोज फोनवर बघतात. मी काटेवाडीतल्या आमच्या घरात बसून ब्राउझरचं लेआउट इंजिन लिहिते. पानावरची अक्षरं, चित्रं, तक्ते पडद्यावर कुठं बसवायचे, ते ठरवणारा हा भाग. प्रकल्प खुला आहे. कुणीही कोड वाचावा, सुधारावा. बरोबरची माणसं देशोदेशी विखुरलेली, त्यांतल्या एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही.

गेल्या हंगामात तक्ते मांडायचा कोड मी नव्यानं लिहिला. सगळ्या चाचण्या पास झाल्या आणि मी आपलीच हरभऱ्याच्या झाडावर चढले. अजून जगासमोर न आलेला तो कच्चा ब्राउझर आबांच्या फोनवर घालून दिला. मिरवायची खाज, दुसरं काय.

थोड्याच दिवसांत आबांनी उसाचं पाणी तोडलं. तोडीआधी रान वाळवावं लागतं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो. कालव्याच्या पाण्याची आलेली पाळीही त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली. सोमवारी टोळी यायची होती. सोमवार गेला, मंगळवारही गेला. बुधवारी त्यांनी कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या माणसाला फोन लावला.

"आबा, तुमची तोड अजून महिन्यानं हाय," तो म्हणाला.

"यादीत तर सोमवार हाय की."

मी माझ्या फोनवरच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये यादी उघडली. तारीख महिन्यानंतरची. आबांच्या फोनवर मात्र सोमवार. यादीत आमच्या वर दोन सख्खे भाऊ होते, वाटण्या झालेले, प्रत्येकाची दोन-दोन शेतं. नाव एकदाच आणि त्याच्यापुढं दोन ओळी. असे दोघं लागोपाठ आले की माझा कोड तारखा एक ओळ खाली सरकवत होता. धाकट्या भावाचा सोमवार आमच्या नावापुढं येऊन बसला होता. आमच्या चाचण्यांत असले भाऊ नव्हतेच.

तासाभरात मी माझा बदल मागं घेतला आणि चूक माझी म्हणून प्रकल्पात जाहीर लिहिलं. कुठल्याशा देशातल्या सहकाऱ्यानं उत्तर दिलं, बरं झालं, लवकर सापडलं. लवकर, म्हणे. खिडकीतून उसाची पानं करपताना दिसत होती, विहीर तळाला गेली होती आणि पुढची पाळी तीन आठवड्यांवर होती.

आबांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते कारखान्याला बोल लावत होते आणि मी तो लावू देत होते. शेवटी बांधावर जाऊन एका दमात सगळं सांगून टाकलं.

आबांनी उसाचं एक करपलेलं पान तोडून हातात घेतलं.

"तारीख लवकरची वाटलीच हुती मला," ते म्हणाले. "आपली उसाची लागण उशिराची. पन म्हणलं, पोरीच्या हातचं हाय, चुकायचं न्हाय."

मी ब्राउझर काढून टाकायला त्यांचा फोन मागितला. त्यांनी दिला नाही.

"आता नीट केलंस नव्हं?"

"केलंय, तुमच्या फोनवरही आपोआप आलंय. पण आबा, कारखान्यात एकदा विचारून घेत जा."

"कशापायी?" म्हणत त्यांनी माझ्यासमोरच यादी उघडली, तारीख वाचली आणि खरी मानली.